हौद्यावर झाकण, मग सायकली कुठे?

अमेरिकेत, विशेषतः टेक्सास, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांत, पिकअप ट्रक हे आता केवळ शेतकऱ्याचे किंवा बांधकाम कंत्राटदाराचे वाहन राहिलेले नाही. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ही गाडी तिथे शाळा, बाजार, सहल अशा साऱ्या कामांना वापरली जाते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकीही काहींनी तिला घरची गाडी म्हणून आपलेसे केले आहे. उघड्या हौद्यात पाऊस, बर्फ आणि धूळ शिरते, सामान चोरीला जाण्याची धास्ती असते. म्हणून त्यावर झाकण बसवून घेण्याची पद्धत आहे. कोणी गुंडाळता येणारे कापडी झाकण घेतो, कोणी घड्यांचे कडक झाकण, कोणी दुकानाच्या शटरसारखे आत सरकणारे, तर कोणी बिजागरीवर उचलले जाणारे एकसंध झाकण.

झाकण बसले की सामानाची काळजी मिटते. पण त्याच दिवसापासून सायकलींची जागा जाते. आजवर हौद्यात टाकून नेल्या जाणाऱ्या सायकली गॅरेजच्या भिंतीवर टांगल्या जातात आणि पुष्कळदा तिथेच राहतात. या प्रश्नावरचा उपाय म्हणजे सायकल रॅक. तो निवडणे वरवर पाहता गाडीच्या सुट्या भागांचा विषय वाटेल. तरीही आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात त्याची चर्चा करावी असे वाटते, ते दोन कारणांसाठी. चुकीच्या रॅकमुळे कुटुंबाचा व्यायाम थांबतो, आणि चुकीच्या उंचीवर सायकल चढवताना कंबर व खांदा दुखावतो.

व्यायामाच्या वाटेतला अडसर

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो. म्हणूनच अमेरिकन डायबिटीज असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या प्रौढांसाठी मधुमेहाच्या चाचणीची वजन-मर्यादा बीएमआय २५ वरून २३ वर आणली. तेव्हा घरातील आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना एकत्र करता येईल असा व्यायाम आपल्या कुटुंबांना अधिकच मोलाचा आहे, आणि सायकल तो देते. बसून चालवायची असल्याने गुडघ्यांवर शरीराचा पूर्ण भार पडत नाही, आणि ज्याला जितका वेग झेपेल तितका त्याने ठेवावा.

अमेरिकेतील अनेक उपनगरांत मात्र दाराबाहेर पडताच वेगवान रस्ते सुरू होतात. लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असताना तिथे सायकल चालवणे धोक्याचे. सुरक्षित वाटा थोड्या दूर असतात. मिझुरी राज्यातील केटी ट्रेल ही सुमारे ३८५ किलोमीटर लांबीची वाट, किंवा पिट्सबर्गहून मेरीलँडमधील कंबरलंडपर्यंत जाणारी सुमारे २४० किलोमीटरची ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही वाट, या दोन्ही जुन्या रेल्वेमार्गांवरून आखलेल्या आहेत. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही. त्यामुळे या वाटांचे चढउतार सौम्य आहेत आणि मोटारींचा त्रास नाही. परंतु तिथवर सायकली न्यायला हव्यात. हे नेणे जर अर्ध्या तासाचे, घाम काढणारे आणि दर वेळी कोणाच्या तरी मदतीवर अवलंबून असलेले काम झाले, तर पहिल्या दोन रविवारांनंतर ते बंद पडते. म्हणून रॅकची खरी परीक्षा दुकानात होत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या रविवारी होते.

झाकणाखाली सायकल का मावत नाही?

बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. फोर्ड एफ-१५० सारख्या मोठ्या पिकअपच्या हौद्याची खोली सुमारे ५४ सेंटिमीटर असते. प्रौढांच्या सायकलीचे नुसते चाकच ६८ ते ७४ सेंटिमीटर व्यासाचे असते, आणि हँडल जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच. म्हणजे बंद झाकणाखाली सायकल उभी राहणे अशक्य. पुढचे चाक काढून ती आडवी झोपवता येते. पण लांबीचाही प्रश्न उरतोच. आखूड हौदा साडेपाच फुटांचा, म्हणजे १६८ सेंटिमीटर, तर सायकल साधारण १७० ते १८० सेंटिमीटर लांब. तिरकी ठेवून एखादी मावते. दुसरी तिच्यावर ठेवली की पेडल फ्रेमला घासते आणि गिअरची नाजूक यंत्रणा वाकते. एकट्या माणसाची एकच सायकल असेल तर ही सोय चालेल. चार माणसांच्या घराला ती पुरणार नाही.

शरीराचा हिशेब

आता गाडी क्षणभर बाजूला ठेवून माणसाकडे वळू. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या विषयावर काम करणाऱ्या ‘नायॉश’ या शासकीय संस्थेने ओझे उचलण्यासंबंधी एक सूत्र तयार केले आहे. त्याची सुधारित आवृत्ती १९९१ ची. सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर दोन्ही हातांनी उचलायच्या ओझ्याची मर्यादा या सूत्रात २३ किलो धरली आहे. अनुकूल म्हणजे काय? ओझे शरीरालगत असावे, हात जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर उंचीवर असावेत, कंबर पिळली जाऊ नये आणि पकड चांगली असावी. यातील एकेक अट मोडली की मर्यादा खाली येते.

सायकल ही धरायला मोठी अवघड वस्तू आहे. पेडल आणि हँडल आडवे येत असल्याने ती अंगालगत धरता येत नाही. हात घोट्यांच्या रेषेपासून ५० सेंटिमीटर पुढे गेले की २३ किलोंची मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. तेच हात १४० सेंटिमीटर उंच न्यावे लागले तर ती आणखी घटून सुमारे नऊ किलो उरते. साध्या हायब्रिड सायकलीचे वजन ११ ते १४ किलो असते. हे सूत्र नोकरीच्या ठिकाणासाठी आहे, घरासाठी त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये हे खरे. पण दिशा त्यातून स्वच्छ दिसते. सायकल जितकी उंच आणि शरीरापासून जितकी दूर, तितका कंबरेवर व खांद्यावर ताण अधिक.

मधुमेह असलेल्यांमध्ये ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे खांदा आखडण्याचा विकार इतरांहून अधिक आढळतो. वय वाढते तसे खांद्याचे स्नायुबंधही झिजतात. ज्यांना सायकलीची सर्वाधिक गरज, त्यांचेच खांदे उंच उचलण्याला सर्वांत कमी तयार, असा हा पेच आहे. तेव्हा रॅक निवडण्यापूर्वी घरात एक प्रश्न विचारावा: सकाळी एकट्याने सायकल चढवण्याची वेळ आली, तर ती कोण चढवणार? त्या व्यक्तीची उंची आणि तिचे खांदे हे पहिले माप. हौद्याचे माप त्यानंतरचे.

चार मार्ग

झाकण असलेल्या पिकअपवर सायकली नेण्याचे प्रमुख मार्ग चार आहेत. प्रत्येकाला गुण आहेत आणि मर्यादाही.

पहिला मार्ग हौद्याच्या आत फोर्क अडकवण्याचा. पुढचे चाक काढायचे आणि सायकलीचा फोर्क हौद्यात बसवलेल्या पकडीत घट्ट करायचा. रॅक स्वस्त आणि सायकल स्थिर. मात्र त्यासाठी झाकण उघडे ठेवावे लागते. गुंडाळीचे किंवा घड्यांचे झाकण असेल तर ते पुढे सारता येते. शटरसारखे सरकणारे झाकण जिथे गुंडाळले जाते ती पेटी मात्र हौद्याच्या पुढच्या भागात असते आणि नेमकी फोर्कची जागा अडवते. शिवाय पुढच्या आसाचे प्रकार वेगवेगळे असतात. जुन्या सायकलींना क्विक रिलीज, तर नव्यांना आरपार जाणारा १२ किंवा १५ मिलिमीटरचा आस. तुमच्या सायकलीला जुळणारी पकड आहे ना, हे आधी तपासावे. सायकल हौद्यात ठेवायला फाळक्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण कंबरेपर्यंत उचलावी लागते.

दुसरा मार्ग फाळक्यावरच्या गादीचा. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर जाड गादी घालतात. सायकलीचे पुढचे चाक बाहेर लोंबते आणि बाकीची सायकल आत राहते. डोंगरी सायकलवाल्यांची ही आवडती पद्धत, कारण पाच-सहा सायकली झटपट मावतात. पण सायकलीचा निम्मा भाग हौद्यात असल्याने झाकण पूर्ण बंद होत नाही. मागे पाहण्याच्या कॅमेऱ्यापुढेही गादी येऊ शकते. कॅमेऱ्यासाठी खिडकी ठेवलेली गादी मिळते, ती पाहून घ्यावी. एकसंध झाकण असलेल्यांनी हा मार्ग सोडून द्यावा.

तिसरा मार्ग झाकणाच्या वर आडव्या दांड्या बसवण्याचा. काही झाकणांच्या दोन्ही कडांना खाचेचे रूळ असतात. त्यांत खांब अडकवून दांड्या बसवतात आणि दांड्यांवर सायकलीचे ट्रे. झाकण बंद राहते, सामान कुलपात राहते, फाळकाही मोकळा. कागदावर हा मार्ग सर्वांत सुबक दिसतो. पण इथेच शरीराचा हिशेब आठवावा. मोठ्या पिकअपच्या हौद्याची कड जमिनीपासून सुमारे १४० सेंटिमीटर उंच असते आणि दांड्या त्याच्याही वर. सायकल ठेवताना हात चेहऱ्याच्या पातळीला किंवा वर जातात, शिवाय गाडीच्या बाजूने आत झुकावे लागते. उंच, सशक्त तरुणाला हे जमेल. साठीच्या गृहस्थाला किंवा पाच फूट उंचीच्या गृहिणीला नाही. केबिनच्या छतावरील रॅक तर याहूनही उंच.

या मार्गात आणखी एक सावधगिरी हवी. दांड्यांचा भार हौद्याच्या कडांनी किंवा त्यासाठीच केलेल्या रुळांनी पेलला पाहिजे, झाकणाच्या पत्र्याने नव्हे. कडक झाकणांवर ‘इतके वजन पेलते’ असे लिहिलेले असते, ते बर्फासारख्या सर्वत्र सारख्या पसरलेल्या, स्थिर ओझ्याबद्दल असते. चालत्या गाडीत हेलकावणाऱ्या सायकलीचा भार दोन-चार बिंदूंवर एकवटतो, ही गोष्ट वेगळी. कापडी झाकणावर तर काहीच ठेवू नये.

चौथा मार्ग हिचचा. गाडीच्या मागे बंपरखाली ट्रेलर जोडण्यासाठी जी चौकोनी नळी असते तिच्यात रॅकचा दांडा घालायचा. झाकणाशी याचा काही संबंधच येत नाही. ते कोणत्याही प्रकारचे असो, बंद राहते. सायकलीचे चाक ट्रेमध्ये साधारण गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीवर येते, आणि एका वेळी एकच चाक उचलून ठेवता येते. म्हणजे एका क्षणी हातात सायकलीचे निम्मेच वजन. बहुतेक कुटुंबांना हाच मार्ग सोयीचा ठरेल.

हिचचा रॅक घेताना

यातही दोन जाती आहेत. एका जातीत सायकली मधल्या दांडीवरून लटकतात; हा रॅक हलका व स्वस्त असतो. पण लेडीज सायकलीला आणि मुलांच्या छोट्या सायकलींना आडवी दांडी नसते किंवा ती तिरकी असते, त्यामुळे वेगळी जोडदांडी लागते. शिवाय सायकली एकमेकींवर आपटतात. दुसऱ्या जातीत चाके ट्रेमध्ये उभी राहतात आणि वरून येणारा आकडा पुढच्या चाकाला दाबून धरतो. फ्रेमला स्पर्श होत नाही, म्हणून कार्बनच्या फ्रेमलाही धोका नाही. कुटुंबात निरनिराळ्या मापांच्या सायकली असतील तर ट्रेचाच रॅक घ्यावा.

पिकअपच्या बाबतीत फाळक्याचा विचार विसरू नये. सायकली लादलेल्या असताना फाळका उघडायचा, तर रॅक मागे झुकणारा किंवा दारासारखा बाजूला फिरणारा हवा. झुकणारा रॅक पुरेसा झुकतो का, हे स्वतःच्या गाडीवर लावून पाहावे. पिकअपचा फाळका लांब असतो आणि काही नव्या गाड्यांत तो दोन भागांत उघडतो. बाजूला फिरणारा रॅक सर्वांत सोयीचा, पण वजनदार आणि महाग. जागा मिळावी म्हणून हिचला जोडनळी लावून रॅक मागे सरकवण्याचा मोह होतो, तो टाळावा. ओझे जितके मागे, तितका तरफेचा जोर वाढतो आणि हिचची भार पेलण्याची क्षमता बरीच घटते.

नळीचे मापही पाहावे. पूर्ण आकाराच्या पिकअपना बहुधा २ इंचांची, काही अवजड गाड्यांना अडीच इंचांची, तर छोट्या मोटारींना सव्वा इंचाची नळी असते. २ इंचांचा रॅक अडीच इंचांच्या नळीत बाहीसारखा तुकडा घालून बसवता येतो. सव्वा इंचाच्या नळीवर २ इंचांचा रॅक चढवण्याची खटपट मात्र करू नये.

विजेची सायकल असेल तर

आई-वडिलांसाठी विजेची सायकल घेणारी कुटुंबे वाढत आहेत, आणि ते स्वागतार्हच आहे; चढावर दम लागणाऱ्यांना तिने पुन्हा रस्त्यावर आणले. पण तिचे वजन २० ते ३२ किलो असते. ट्रेच्या अनेक रॅकची मर्यादा प्रत्येक सायकलीमागे ५० ते ६० पौंड, म्हणजे २३ ते २७ किलो असते. तेव्हा सायकल घरच्या वजनकाट्यावर तोलावी. वजनदार असेल तर एकाने ती धरून काट्यावर उभे राहावे, दुसऱ्याने आकडा वाचावा, मग धरणाऱ्याचे वजन वजा करावे. चढवण्यापूर्वी बॅटरी काढून केबिनमध्ये ठेवावी; तीन-चार किलो भार कमी होतो आणि बॅटरी पाऊस व धक्क्यांपासून वाचते. अशा सायकलीसाठी उतरती पट्टी असलेला रॅक घ्यावा. त्या पट्टीवरून सायकल ढकलत वर नेता येते, उचलावी लागत नाही. साठीनंतरच्या मंडळींसाठी ही पट्टी चैनीची वस्तू समजू नये.

चढवताना आणि निघताना

सपाट जागी गाडी उभी करावी. पाण्याची बाटली, पिशवी, मुलांची खुर्ची काढून घ्यावी. सर्वांत जड सायकल गाडीच्या अगदी जवळच्या ट्रेमध्ये ठेवावी, हलकी बाहेर. पाय खांद्यांइतके फाकवून, गुडघे वाकवून, सायकल जमेल तितकी अंगाजवळ घ्यावी. वळायचे असेल तर पावले टाकत वळावे, कंबर पिळू नये. आधी पुढचे चाक ट्रेमध्ये, मग मागचे. स्टुलावर चढून सायकल उचलणे कटाक्षाने टाळावे. कंबरेची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी उचलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पट्टे आवळल्यावर सायकल हातात धरून जोराने हलवावी. सायकलीबरोबर सारी गाडी हलली तर बांधणी पक्की. नुसती सायकल हलली तर पुन्हा आवळावे. मागचे चाक सायलेन्सरच्या नळीसमोर येत नाही ना ते पाहावे, कारण तप्त धुराने टायर खराब होतो. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत. अनेक राज्यांत तो नियमभंग ठरतो. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून सर्व खिट्ट्या पुन्हा तपासाव्यात. महामार्गावर सुटलेली सायकल मागून येणाऱ्या कुटुंबाचा जीव घेऊ शकते, म्हणून ही पाच मिनिटे कधीही वाचवू नयेत.

खरेदीच्या आदल्या दिवशी

एक कागद घ्या आणि त्यावर सहा गोष्टी लिहा: झाकणाचा प्रकार, हिचच्या नळीचे माप, फाळका पूर्ण उघडल्यावर तो किती मागे येतो, प्रत्येक सायकलीचे वजन, प्रत्येक टायरची रुंदी, आणि सायकली चढवणाऱ्या व्यक्तीची उंची. हा कागद आणि घरातील सर्वांत जड सायकल घेऊन दुकानात जा. नमुन्याचा रॅक तुमच्याच गाडीला लावायला सांगा आणि त्या व्यक्तीलाच सायकल चढवून उतरवू द्या, विक्रेत्याला नव्हे. तिने ती कोणाच्या मदतीवाचून, श्वास न अडकवता चढवली, तर तो रॅक तुमच्या घराचा. किंमत थोडी अधिक पडली तरी हरकत मानू नये. जो रॅक सर्वांना पेलतो, तोच आठवड्यामागून आठवडे वापरला जातो, आणि शरीराला फळ मिळते ते या सातत्याचे.